मॅन वा लेनचा शिक्केवाला: ‘मिंग’ सूर्याचा पाहिजे का खिडकीचा?

निकाल आधीच देऊन टाकते, कारण रिव्ह्यू वाचताना शेवटपर्यंत ताटकळत बसायला मला स्वतःला आवडत नाही. हाँगकाँगमधे चिनी नावाचा दगडी शिक्का करून घ्यायचा असेल तर शुंग वानच्या मॅन वा लेनमधे जा, आणि तिथे पण मशीन लावून बसलेल्याकडे नाही, हाताने खोदणाऱ्याकडे जा. आम्ही ज्यांच्याकडून केला त्यांना पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते येईलच पुढे, पण साडेचार कशासाठी दिले ते सांगायला जरा वेळ लागणारे, चहा घेऊन बसा.

आधी शिक्का कशाला, ते. आमच्या लेकाचं नाव उदय. इथल्या बालवाडीत घातला तर शाळेने सांगितलं की चिनी नाव पण द्या, बाकी मुलांना आणि मिसना हाक मारायला बरं पडतं, शिवाय वहीवर तेच लिहायला शिकवतात. (इथे टीचरला सरसकट मिस म्हणतात, आपल्यासारखं बाई वगैरे नाही.) चिनी नावात आडनाव पहिलं, ते बहुतेक एकाच अक्षराचं, आणि मग एक किंवा दोन अक्षरांचं नाव. आमच्यासारख्या बाहेरच्यांचं करताना आडनावाच्या पहिल्या आवाजाला जवळचं असं खरंखुरं चिनी आडनाव शोधतात. गोखलेमधल्या गो वरून मिसनी ‘गोउ’ काढलं, म्हणजे कँटनीजमधे (हाँगकाँगची बोली) गोउ आणि मँडरीनमधे (चीनची प्रमाण भाषा) गाओ. अर्थ उंच, आणि त्या अक्षराचं जुनं चित्र म्हणजे चक्क माडीवर माडी चढवलेली उंच इमारत. गोखल्यांना उंची मिळाली एकदाची, असं नवऱ्याला म्हणून झालं.

नावासाठी मिसनी विचारलं उदय म्हणजे काय. आम्ही सांगितलं, सूर्य उगवणं. लगेच त्या म्हणाल्या ‘मिंग’. प्रॉब्लेम एकच, गोउ आणि मिंग नुसते शेजारी ठेवले की तो एक तयार शब्द होतो, त्याचा अर्थ फार हुशार, वरच्या दर्जाचा, आणि टोमणा मारायला पण तोच वापरतात. शाळेत पोराचा पंडितराव झाला असता. म्हणून मधे एक अक्षर घातलं, ‘खाय’. खाय म्हणजे उघडणं. ‘खाय मिंग’ हे जोडीने पहाटे पूर्वेला दिसणाऱ्या शुक्राचं जुनं नाव आहे, चिनी कवितांच्या सगळ्यात जुन्या संग्रहात ते आलंय, पूर्वेला खाय मिंग आणि पश्चिमेला संध्याकाळच्या शुक्राचं वेगळं नाव, म्हणजे एकाच ग्रहाला दोन नावं. आपला शुक्रतारा! हे कळल्यावर घरात कुणाची काही हरकत उरलीच नाही. एकच गोष्ट मिसनी दोनदा विचारून खात्री केली, ती म्हणजे हे अक्षर घरातल्या कुणा मोठ्या माणसाच्या नावात नाही ना. त्यांच्याकडे आजोबा-पणजोबांच्या नावातलं अक्षर नातवाला ठेवणं म्हणजे मोठ्यांचा अपमान. आमच्याकडे उलट, आजोबांचं नाव नातवाला ठेवलं नाही तर फुगून बसणारे लोक आहेत, आणि हे त्यांना सांगितल्यावर त्या ज्या हसल्या ना.

तर नाव झालं गोउ खाय मिंग. मँडरीनवाले गाओ छी-मिंग म्हणतील, अक्षरं तीच.

आता मुद्द्यावर येते. नाव ठरल्यावर मला वाटलं त्याचा शिक्का करावा, वाढदिवसाला काहीतरी टिकणारं. आधी एका टुरिस्ट भागातल्या दुकानात गेले, नाव सांगत नाही, तशी तिथे ओळीने आहेत. तिथे भिंतीवर एक चार्ट लावलेला, प्रत्येक अक्षरापुढे एकेक अर्थ, मिंगपुढे लिहिलेलं ‘तेजस्वी’, बस. काउंटरवरच्या मुलीने फोन काढला, ॲपमधे अक्षर दाखवलं, आणि पाठ केल्यासारखं सांगितलं की डावीकडे सूर्य, उजवीकडे चंद्र, दोन्ही एकत्र आले की खूप उजेड, म्हणून तेजस्वी. मग कॉम्प्युटरवर फाँट निवडायचा, मशीन घरघर करत पंधरा मिनिटांत दगड कोरून देतं. हे चूक आहे असं नाही म्हणत मी. पण सूर्य आणि चंद्र एकत्र असले की उजेड वाढतो का हो? दिवसा चंद्र दिसला तर उजेडात काय फरक पडतो? मला ते पटलं नाही आणि मी काही न घेता बाहेर पडले.

मग ऑफिसातल्या एकीने सांगितलं, मॅन वा लेनला जा. शुंग वान एमटीआर स्टेशनातून वर आलं की दोन मिनिटांवर. ही एक बारकी गल्ली आहे, दोन्ही बाजूंना हिरव्या पत्र्याच्या टपऱ्या, आपल्याकडे कोर्टाबाहेर टायपिंगवाले बसतात त्याच थाटात. पण इथे शिक्के, व्हिजिटिंग कार्ड, लग्नपत्रिका, कंपनीचे रबरी स्टँप. कंपन्यांचा धंदा इथे मोठा, कारण हाँगकाँगमधे २०१४ च्या नव्या कंपनी कायद्यापर्यंत प्रत्येक कंपनीला अधिकृत सील ठेवावंच लागायचं, आता ते ऐच्छिक झालंय पण सवय गेलेली नाही, गोल रबरी शिक्का उमटल्याशिवाय कागद कागद वाटतच नाही लोकांना. हे आपल्याला तरी कुणी सांगायला नको. आणि गंमत म्हणजे इथे इंग्रजीत शिक्क्याला सगळे ‘चॉप’ म्हणतात, तो शब्द आपल्याकडून गेलाय, ‘छाप’ वरून. ही माहिती मी त्या दिवशी निदान तिघांना ऐकवली, कुणालाही फारसं काही वाटलं नाही, असो.

आमचे सीफू (कारागिराला, उस्तादाला इथे सीफू म्हणतात, मी पण तेच म्हणत होते) साठी ओलांडलेले, डोळ्याला घड्याळजी लावतात तसं भिंग, समोर लाकडी शिकंजा, त्यात दगड दाबून बसवलेला. इंग्रजी जेमतेम. माझं कँटनीज त्याहून जेमतेम. ऑफिसवालीला बरोबर नेलं होतं म्हणून निभावलं, तुम्ही पण कुणीतरी न्या. मी नाव लिहिलेला कागद पुढे केला, त्यांनी वाचला, मान हलवली, आणि पैसे, दगड, साइज काही बोलायच्या आधी पेन घेऊन कागदाच्या मागे मिंग तीन वेळा लिहिलं. तीन वेगवेगळे. आणि विचारलं, कुठला?

इथेच साडेचार स्टार झाले खरं तर.

पहिला सूर्याचा. डावीकडे उभी चौकट आणि मधे आडवी रेघ, तो सूर्य, उजवीकडे चंद्र. हाच आज सगळे लिहितात, आठ रेघांत होतो, आणि १९५६ मधे मेनलँड चीनने अक्षरं सोपी करायची मोहीम काढली तेव्हाही याला हात लागला नाही, आधीच सुटसुटीत आहे म्हणून असेल. ‘खाय’ या अक्षराला मात्र तिकडे कातरी लागली, हाँगकाँगमधे तो अजून पूर्ण लिहितात.

दुसऱ्यात चंद्र तोच, पण डावीकडे सूर्याच्या जागी डोळा. जुन्या शिलालेखांत आणि नामांकित सुलेखनकारांच्या हातच्या लिखाणात हा सापडतो. सूर्याच्या चौकटीत एक रेघ आणि डोळ्याच्या चौकटीत दोन, एवढाच काय तो फरक.

आणि तिसरा खिडकीचा. डावीकडे एक गोल, आत जाळीसारख्या रेघा, उजवीकडे चंद्र. खिडकीतून आत येणारं चांदणं! सीफूंनी हा काढताना पेन जरा सावकाश चालवलं आणि म्हणाले, शिक्क्यावर खरा हा.

घरी येऊन मी यावर जे काही सापडलं ते वाचत बसले आणि ते खरंच निघालं. इसवी सन १०० च्या आसपास शू शेन नावाच्या विद्वानाने अक्षरांची व्युत्पत्ती सांगणारा पहिला मोठा कोश लिहून पूर्ण केला, नऊ हजारांवर अक्षरं, ५४० गटांत लावलेली. त्यात मिंगचं मुख्य रूप म्हणून दिलंय ते खिडकी आणि चंद्राचं, आणि सूर्यवालं रूप खाली ‘जुनं’ म्हणून जोडलंय. शिक्क्यावर जी लिपी खोदतात ती साधारण त्याच कोशातली, चीनच्या पहिल्या सम्राटाच्या काळात ठरवून दिलेली गोलाईदार वळणाची. म्हणजे रोजच्या लिहिण्यात सूर्य जिंकला आणि शिक्क्यावर खिडकीने आपली जागा राखली.

पण त्याच्याही मागे गेलं की भांडण आणखी रंगतं. शू शेनला माहीत नव्हतं असं बरंच काही जमिनीखाली पुरलेलं होतं. १८९९ मधे बीजिंगमधे वांग यीरोंग नावाच्या अधिकारी-विद्वानाच्या नजरेला आलं की औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या जुन्या हाडांवर अक्षरं कोरलीयत. ही हाडं निघाली शांग राजवटीची, हनान प्रांतातल्या आनयांग जवळची, तीन हजार वर्षांहून जुनी, बैलांची खांद्याची हाडं आणि कासवांची कवचं, राजा त्यांच्यावरून कौल लावायचा. या हाडांवर मिंग दोन्ही तऱ्हेने आहे, सूर्य-चंद्र पण आणि खिडकी-चंद्र पण. म्हणजे ‘आधी हा की आधी तो’ याचं उत्तर साधं नाही, दोन्ही तेव्हापासून शेजारी शेजारी नांदतायत. त्या टुरिस्ट दुकानाचं उत्तर अर्धं होतं ते असं.

आणि माझ्यासाठी सगळ्यात भारी गोष्ट ही की हाडांवरच्या मजकुरात मिंग नुसतं ‘तेजस्वी’ म्हणून येत नाही, ते दिवसाच्या एका वेळेचं नाव म्हणून येतं. पहाट, उजाडायची वेळ! सूर्य वर येतोय आणि चंद्र अजून मावळला नाहीये अशी ती वेळ धरली की सूर्य-चंद्र एकत्र का, ते माझ्यापुरतं तरी पटतं, उजेडाची बेरीज वगैरे करायची गरजच नाही. खाय पण त्याच हाडांवर सापडतो, हाताने दार उघडतोय असं चित्र, आणि तिथे त्याचा वापर पाऊस थांबून आभाळ उघडण्यासाठी केलाय. आपण ‘आज उघडीप आहे’ म्हणतो ना, अगदी तेच. म्हणजे मिसनी जे सहज सुचवलं होतं ते उदयला जितकं चपखल बसतं तितकं त्या चार्टवरच्या ‘तेजस्वी’ ला कधीच बसलं नसतं. पहाट हा अर्थ आजच्या बोलण्यातही पार गेलेला नाही. कँटोपॉपचा (कँटनीज पॉप गाण्यांचा) नव्वदच्या दशकातला स्टार लिऑन लाय, त्याचं चिनी नाव लाय मिंग, आणि ते दोन शब्द तसेच्या तसे वाचले तर अर्थ होतो पहाट. आडनावासकट! असं जमून आलेलं नाव नशिबानेच मिळतं. उद्या म्हणायला पण मिंगच लागतो, उजाडणारा दिवस.

तसं हे अक्षर नावांत किती पसरलंय ते एकदा लक्ष द्यायला लागलं की डोकं चक्रावतं. चीनच्या इतिहासातल्या तीन राज्यांच्या काळातला मुत्सद्दी जूग लियांग, त्याला सगळे ओळखतात खोंगमिंग म्हणून. लियांग म्हणजे उजळ आणि मोठेपणी घेतलेल्या दुसऱ्या नावात मिंग, दोन्हींचा अर्थ जुळवून ठेवायची पद्धत होती. साडेसात फुटी बास्केटबॉलवाला याओ मिंग तर जगाला माहीत. १३६८ पासून १६४४ पर्यंत चाललेल्या राजवटीचं नाव मिंग, आणि त्या काळच्या छापील पुस्तकांच्या वळणावरून इथल्या छपाईच्या टाइपाला अजून मिंग टाइप म्हणतात, मॅन वा लेनमधे व्हिजिटिंग कार्ड छापायला गेलात तर तोच पुढे करतील. हाँगकाँगचं १९५९ पासून निघणारं पेपर मिंग पाओ. एप्रिलमधे पूर्वजांच्या थडग्यांवर जायचा सण येतो त्याच्या नावातही मिंग, सुट्टी असते त्या दिवशी. आणि शाळेतल्या गणितात ज्याच्याकडे नेहमी पाच सफरचंदं असतात आणि जोक्समधे जो मिसना उलट उत्तर देतो तो ‘छोटा मिंग’, म्हणजे इथला बंड्या. ऑफिसवाली म्हणाली बघ हं, मुलगा आयुष्यभर गणितातला मिंग म्हणून चिडवून घेणार. चालेल, उदयला तसंही कुणीतरी ‘उद्या ये’ म्हणून चिडवणारच होतं.

बायकांच्या नावाचं एक उदाहरण राहिलं, ते सीफूंनीच दाखवलं. टपरीच्या काचेखाली नमुन्याचे ठसे लावलेत, त्यात एक एकाच अक्षराचा, वर मिंग आणि खाली ‘आभाळ, पोकळी’ असं अक्षर. हे वू झतियनचं. चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावाने सम्राट म्हणून गादीवर बसलेली एकुलती एक बाई, ६९० मधे. तिने स्वतःच्या नावासाठी नवीन अक्षरच पाडून घेतलं, रिकाम्या आभाळावर सूर्य आणि चंद्र. आहेत त्या हजारो अक्षरांत आपल्या मापाचं एकही सापडलं नाही म्हणे! अशा बाईसमोर हात जोडावे.

बरं, पुन्हा दुकानात. नवरा सूर्यवाला. त्याचं म्हणणं, मुलाचं नाव उदय, सूर्य नको म्हणजे काय. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच होतं. मी खिडकीवाली. उदयला विचारलं तर त्याला खिडकीतला गोल आवडला, आणि ऑफिसवाली फिसकन हसली, कारण ती खिडकी आजच्या छापील वळणात एकटी लिहिली की चौकोनी चेहरा दिसतो, दोन तिरक्या पडलेल्या भुवया आणि खाली उघडं तोंड, आणि २००८ च्या सुमारास इंटरनेटवर पोरांनी हे जवळजवळ विसरलेलं अक्षर ‘अरे देवा, फजिती’ या अर्थाची इमोजी म्हणून उचललं, ते अजून चालतं. म्हणजे आमच्या मुलाच्या नावात एक रडका चेहरा लपलाय. शिक्क्याच्या लिपीत मात्र ती गोल जाळीच दिसते म्हणून सुटलो. खिडकी फायनल.

आता मांडणी. तीन अक्षरं चौकोनात नीट बसत नाहीत म्हणून चौथं अक्षर ‘शिक्का’ या अर्थाचं जोडतात. वाचायचं उजवीकडून, वरून खाली. साध्या क्रमाने गेलं तर गोउ आणि खाय उजवीकडच्या रांगेत, मिंग पलीकडे एकटं पडतं. सीफू म्हणाले नाही, नाव तोडायचं नाही, आणि ‘शिक्का’ हे अक्षर आडनावाच्या खाली उजव्या रांगेत टाकलं, म्हणजे डाव्या रांगेत खाय आणि मिंग वर-खाली शेजारी. मशीनवाल्या दुकानात हे कुणी विचारलं नसतं, त्यांचा साचा ठरलेला. मग लाल का पांढरं. अक्षरं उठावाची ठेवली तर ती लाल उमटतात, अक्षरंच खोदून काढली तर आजूबाजूचं लाल आणि अक्षर पांढरं. मुलाच्या हातात जाणार म्हणून पांढरं घ्या म्हणाले, उठावाच्या बारीक रेघा पडल्या-झडल्या की तुटतात.

दगड छिंगथिएनचा घेतला, जजियांग प्रांतातला, फिकट हिरवट-पिवळा, सुरीखाली सरळ कापला जातो. फूच्यानचा शौशान दगड दिसायला जास्त देखणा, किंमत पण तशीच देखणी. हातात धरायला तोच बरा वाटत होता पण मोह आवरला.

खोदताना बसून बघायची परवानगी मिळाली, आणि माझ्या मते पैसे त्याचेच वसूल झाले. आधी दगडाचं तोंड सँडपेपरवर घासून सपाट केलं, मग त्यावर काळ्या शाईने बारीक ब्रशने चारही अक्षरं उलटी लिहिली, सरळ, आरशात न बघता! नंतर एक छोटा आरसा धरून तपासलं आणि खायची एक रेघ पुसून परत काढली. सुरी म्हणजे दोन्ही बाजूंनी धार लावलेली पोलादी पट्टी, मुठीला दोरा गुंडाळलेला. सरळ रेघेला सुरी एका दमात ढकलत नेतात, कड-कड असा कोरडा आवाज येतो आणि पांढरी भुकटी उडते, ती ते फुंकर मारून नाही, दाढीच्या ब्रशने झाडतात. खिडकीच्या गोलाला मात्र सुरी जवळजवळ जागेवर ठेवून शिकंजाच फिरवत होते, थोडं कापायचं, थोडं फिरवायचं. तेव्हा लक्षात आलं की त्या जुन्या हाडांवर सूर्य चौकोनी का खोदलाय. हाडावर गोल कापणं जिकिरीचं, त्या लोकांनी सरळ रेघांत काम भागवलं आणि आज सगळं जग सूर्याची चौकट लिहितंय.

शेवटी दगडाच्या बाजूला मी देवनागरीत ‘उदय’ कोरून मागितलं. ही त्यांच्यासाठी नवी गंमत होती. फोनवर मोठं करून दाखवलं, त्यांनी बराच वेळ बघितलं, आणि सगळ्यात आधी शिरोरेषा ओढली आणि मग तिला एकेक अक्षर खाली लटकवलं, आपण करतो त्याच्या बरोबर उलट. उ चांगला आलाय. द ची शेपूट जरा जास्त लांबली आणि य च्या पोटात कोन आलाय, पण वाचता येतं. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर त्यांनी द बघितलाच नाही, त्या म्हणाल्या, अगं शिवरायांच्या मुद्रेत पण चंद्र आहे की, प्रतिपच्चंद्रलेखेव! खरंच की. मी हे सीफूंना सांगायचा प्रयत्न केला, प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी मुद्रा, आठ कोनांची, सतराव्या शतकातली. फोटो दाखवला. ते म्हणाले, एवढी अक्षरं एका शिक्क्यावर, खोदणारा चांगला होता. आमच्याकडून त्यांना मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद असावी.

आता तक्रारी, अर्धा स्टार. एक तर दगडाबरोबर दिलेली लाल पेस्ट. चांगली पेस्ट म्हणजे हिंगूळ, एरंडाचं तेल आणि दवण्याच्या जातीच्या एका झाडाच्या पानांची लव, चिकट आणि दाट असते, वर्षानुवर्षं टिकते. पेटीबरोबर फुकट येते ती तशी नाही, आठवड्यातच तेल वर आलं आणि ठसा कडेने पसरतो. सीफूंनी हे विकतानाच सांगायला हवं होतं, त्यांच्याकडे चांगली डबी शेल्फवरच होती. नंतर गेले तेव्हा वेगळे पैसे देऊन घेतली. दुसरं, पेटी. बाहेरून जरीचं कापड, आतून पुठ्ठा, बिजागरी पहिल्याच दिवशी निघाली. तिसरं, वेळ पाळत नाहीत. अमक्या दिवशी या म्हणाले, त्या दिवशी गेलो तर शटर खाली, शेजारच्या टपरीवाल्याने खुणेने सांगितलं उद्या. कार्ड घेत नाहीत, रोख न्या. आणि माझ्यासारख्या प्रश्न विचारणाऱ्यांचा त्यांना कंटाळा येतो, तिसऱ्या प्रश्नानंतर भिंग डोळ्याला लागतं आणि संभाषण संपतं. माझी हरकत नाही, पण ज्यांना गप्पा मारणारा दुकानदार हवा असतो त्यांनी हे लक्षात ठेवा.

किंमत. आम्हाला दगड, खोदकाम आणि बाजूचं देवनागरी धरून सहाशे हाँगकाँग डॉलरच्या आतबाहेर पडलं. मशीनवाला निम्म्याहून कमीत देतो. नुसती आठवण म्हणून मित्रमंडळींना वाटायला हवे असतील तर मशीनवालाच बरा, उगीच सीफूंचा वेळ खाऊ नका. घराण्यात नाव पडतंय, मुलाबाळांचं आहे, किंवा स्वतः चिनी शिकताय आणि चित्रांवर सही म्हणून उमटवायचाय, तर हाताचा घ्या. चिनी शिक्क्यांची ही खोदकामाची कला २००९ मधे युनेस्कोच्या यादीत गेली, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचं ते लाल धावणारं चिन्ह आठवतंय ना, तो पण शिक्क्याचा ठसाच होता, आत शहराच्या नावातलं अक्षर माणसासारखं पळवलेलं. एवढी मोठी परंपरा आणि एका पत्र्याच्या टपरीत सहाशे डॉलरला मिळतेय, मला तरी महाग वाटलं नाही.

जाण्याआधी नाव मात्र पक्कं करून जा, आणि ते एखाद्या कँटनीज बोलणाऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या, फक्त ॲपवर विसंबू नका, कारण ॲप तुम्हाला प्रत्येक अक्षराचा वेगवेगळा अर्थ छान सांगेल पण ‘गोउ मिंग’ शेजारी आल्यावर काय होतं ते सांगणार नाही. कागदावर अक्षर मोठं लिहून न्या. खाय विमानतळाच्या नावातला आहे असं सांगितलं की लगेच कळतं, १९९८ मधे बंद झालेल्या जुन्या काय टाक विमानतळाचं नाव हो खाय आणि आउ टाक या दोन माणसांच्या नावांतून एकेक अक्षर घेऊन झालंय, त्यातला पहिला तो आमचा खाय. आणि मिंगला तर काही सांगावंच लागत नाही, ते फक्त विचारतील कुठला.

रविवारी जाऊ नका, बहुतेक टपऱ्या बंद असतात. दुपारी दोन-अडीचनंतर गेलात तर बरं, जेवून आलेले असतात. आणि लाल पेस्टची चांगली डबी पहिल्या दिवशीच मागून घ्या.